जाळीखालची गोधडी

टांगत्या जाळीत झोपताना खाली काय बांधावं, एवढाच काय तो प्रश्न होता. त्यापायी माझ्या बायकोच्या हातातला झेंडा जाईल असं वाटलं असतं, तर मी गुपचूप जमिनीवर झोपलो असतो. (शेवटी झोपलोच.)

त्याचं असं झालं. मिलच्या ऑफिसातले आम्ही चार कारकून मे महिन्यात येऊरच्या जंगलात कॅम्पला जाणार होतो. त्यातल्या दौलतनं मला दोन झाडांना बांधून आत झोपायची जाळी चोरबाजारातून आणून दिली. वर सल्ला दिला, "शाम्या, खालून वारा लागतो. पहाटे पाठ धरते. खाली काहीतरी बांध. पण जाड नको, उकडून मरशील!"

आमची मालन तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत होती. रविवारच्या मोर्चात काळाचौकीतल्या आमच्या चाळीच्या बायकांचा झेंडा तिच्या हाती होता. आठ दिवस ती कपडे वाळत घालायची काठी धरून खोलीत सराव करत होती. (दोनदा माझ्या डोक्यात बसली.) शनिवारी दुपारी ती मीटिंगला गेली आणि मी छताच्या कड्यांना जाळी टांगली. चाळीत या कड्या पाळण्यासाठीच असतात. आमच्या लग्नाला दीड वर्ष झालेलं, त्यामुळे आमच्या रिकाम्याच होत्या.

खाली बांधून बघितली तर घोंगडी टोचली. मिलमधल्या कापसानं घाम फुटला. वर्तमानपत्रं कुरकुरली, शिवाय सदऱ्यावर अग्रलेख उमटला. तेव्हा शेजारच्या गंगुबाईंना आमच्या दारात बोलावलं.

"एखादी मऊ गोधडी आहे? जुन्या लुगड्याची. अंगाला टोचता कामा नये."

त्यांनी माझ्या खांद्यावरून आमच्या छताकडे पाहिलं.

"अगो बाय! आत्तापासून तयारी?"

"ऐन वेळी धावपळ नको. दौलतला तीनदाचा अनुभव आहे, तोच म्हणाला."

"मालन काहीच बोलली नाही!"

"तिच्याकडे विषय काढू नका. ती चिडते." (कॅम्प तिला मुळीच पसंत नव्हता.)

"चिडायचंच. पहिली खेप ना?"

"पहिलीच. मला तर धाकधूक वाटतेय."

गंगुबाईंचे डोळे भरून आले. माझ्या पाठीची एवढी काळजी करणारी बाई शेजारी राहते, याचं मला फार बरं वाटलं.

तासाभरात सात गोधड्या आल्या. सगळ्या हातभर लांबीच्या. एकीवर पोपट. मी त्या एकमेकींना जोडून जाळीखाली बांधतोय, तेवढ्यात मालन आली. पदरात नारळ, डोळ्यांत पाणी.

"अहो, काय सांगितलंत तुम्ही चाळीला? माझी ओटी भरली! दोन जिवांची बाई उन्हात चालायची नाही म्हणाल्या. माझा झेंडा तळमजल्यावरच्या चंपाला दिला!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लगेच सगळ्या बायकांना बोलावून मी जाहीर केलं, "या जाळीत मी झोपणार आहे. मी!"

"पहिल्या खेपेला लपवतातच," गंगुबाई चंपाला म्हणाल्या.

आता पुराव्याशिवाय इलाज नव्हता. मी जाळीत चढलो. छान ऐसपैस पडलो. पाठ मऊ, वारा बेताचा, उकाडा नाही. निवड अचूक होती! "बघा," मी म्हणालो, आणि डावीकडची कडी चुन्यासकट खाली आली. मागोमाग मी. पोपट माझ्या तोंडावर.

गॅलरीत हसण्याचा जो काही स्फोट झाला! चंपानं डोळे पुसत झेंडा मालनच्या हातात परत दिला.

रविवारी दौलत वगैरे मंडळी कॅम्पला गेली. मी जमिनीवर, सात गोधड्या पाठीखाली घेऊन. मालन दारात झेंडा घेऊन उभी राहिली तेव्हा मला तिचा अगदी अभिमान वाटला. तेवढ्यात ती गंगुबाईंना म्हणाली (त्या गुडघ्यांमुळे घरी होत्या), "जरा घरातल्याकडे बघा हां. किरकिर केली तर दूध द्या."

जिन्यावरून "झालाच पाहिजे!" ऐकू आलं आणि लांब लांब गेलं.

गंगुबाई आल्या. हळद घातलेलं दूध, वाटीत. मला पेल्याची अपेक्षा होती. त्यांनी उशाशी बसून चमचा पुढे केला.

पाठ उचलत नव्हती. मी आ केला.