बाबा वर चालले

गाडी पुन्हा बसली होती. बसली म्हणजे बंद पडली असं नव्हे, खरोखरच बसली होती. आदल्या संध्याकाळी चारही चाकांवर ताठ उभी केलेली ती लांबलचक काळी गाडी सकाळी गुडघे टेकलेल्या हत्तिणीसारखी, पोट जमिनीला लावून दारात पसरली होती. चष्मेवाल्याने चहाचा कप कठड्यावर ठेवला आणि तो तिच्याकडे बघत राहिला. खरं तर वैताग यायला हवा होता, पण त्याच्या मनात आला तो आदरच. बसतानासुद्धा काय रुबाब आहे हिचा!

चौकातल्या त्याच्या चष्म्याच्या दुकानात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला पायरीवर थांबावं लागे. अशा माणसाने एका गर्भश्रीमंत घरातली वीस-बावीस वर्षांची जुनी गाडी स्कूटरच्या भावात मिळतेय म्हणून उचलली होती. मिळाली खरी, पण तिचा एक आरसा बदलायचा म्हटलं तर घरची स्कूटर विकावी लागली असती. म्हणून मग तो सगळं स्वतःच करायचा. चष्म्याच्या काड्या आवळायच्या पेचकसाने त्याने डॅशबोर्ड उघडला होता. भिंगं घासायच्या पावडरीने दिवे चकचकीत केले होते आणि सीटच्या चामड्याला भेगा पडू नयेत म्हणून बायकोचं कोल्ड क्रीम चोळलं होतं.

"माझ्या तोंडाला लावायला मिळत नाही, ते हिच्या सीटला!" बायको म्हणाली होती.

"अगं, तुझी कातडी अजून ओरिजिनल आहे," तो म्हणाला, आणि पुढचे दोन दिवस स्वतःच्या हाताने डबा भरून घेऊन गेला.

गाडी बसायचं कारण गॅरेजवाल्याने शोधून काढलं होतं. बॉनेट उघडल्यावर त्याने आधी डोक्यावरची टोपी काढली होती. "साहेब, हिला स्प्रिंगा नाहीत. हवेच्या पिशव्यांवर उभी राहते ही. पंप गेलाय. नवा घ्यायचा विचारसुद्धा करू नका."

भंगार बाजारात चष्मेवाल्याला एका मोठ्या जीपचा पंप सापडला आणि तो दोघांनी मिळून बसवला. आता गाडी उभी असताना हवा सोडायची, पण इंजिन सुरू केलं की उठायची. गॅरेजवाल्याने बजावलं होतं, "पंप हिच्या मानाने राक्षस आहे. मधलं उंचीचं बटण मात्र चुकूनही दाबू नका."

त्या दिवशी घरी सासरे आलेले होते. सासरे म्हणजे वजनमापांचे निवृत्त निरीक्षक. दुकानदारांचे तराजू तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि जावयालाही ते लग्नापासून तोलतच आले होते. पेन्शन चालू ठेवायची तर आपण जिवंत आहोत हे दरवर्षी बँकेत जाऊन दाखवावं लागतं, आणि त्याचा हा शेवटचा दिवस होता.

"टॅक्सी बोलवा," सासरे म्हणाले.

"बाबा, दारात गाडी आहे की!"

"ती? ती तर मांडी घालून बसलीय. जावईबापू, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. विकून टाका ही. आपल्या मापाची नाही."

चष्मेवाल्याने किल्ली फिरवली. इंजिन घुमलं, कुठेतरी खोलवर फुसफुस झाली आणि गाडी आधी मागून, मग पुढून सावकाश उठली. सासऱ्यांच्या भुवयाही तिच्याबरोबर थोड्या वर गेल्या.  मग ते काठी सांभाळत मागच्या सीटवर बसले.

बँकेच्या पायऱ्यांसमोर चष्मेवाल्याने गाडी उभी केली. मागची दारं आतून उघडत नसत; पहिल्या मालकांनी नातवंडांसाठी लावलेलं कुलूप त्याच्याने कधी सुटलंच नव्हतं. शिवाय इंजिन बंद केलं तर गाडी बसणार, आणि खोलगट सीटवरून सासऱ्यांना ओढून काढावं लागणार. म्हणून इंजिन सुरूच ठेवून तो उतरला. त्याचं दार नुसतं टेकवलं की उरलेलं आपोआप ओढून घ्यायचं, मखमलीवर मखमल ठेवावी तसं. या करामतीवर त्याचा भारी जीव. त्याने दार टेकवलं. दाराने स्वतःला ओढून घेतलं आणि चारही दारांतून एकदम आवाज आला, टक्.

किल्ली आत होती आणि सासरेही आतच.

"काय झालं?" सासऱ्यांचा आवाज काचेतून विहिरीतून यावा तसा आला.

"काही नाही बाबा! तेवढं पुढचं एक बटण दाबा! किल्लीचं चित्र असलेलं!"

सासऱ्यांनी काठी पुढे केली. मधल्या पट्टीवर बटणं पुष्कळ होती, आणि त्यांचा चष्मा जावयाच्याच दुकानात दुरुस्तीला होता. काठीचं टोक इकडेतिकडे फिरलं आणि एका बटणावर ठामपणे टेकलं.

जीपच्या पंपाला बहुधा आयुष्यभर याच क्षणाची प्रतीक्षा होती. मोठा फूत्कार झाला आणि गाडी उठू लागली. नेहमीच्या उंचीला आली, पण थांबली नाही. चाकांवरच्या कमानी उघड्या पडल्या. ती एवढ्या डौलाने, एवढ्या संथपणे वर चालली होती की चष्मेवाला घाबरायचंच विसरला. दोन वर्षं त्याने तिचं पोट उताणं पडून पाहिलं होतं. ती पुरती उभी राहिली तर कशी दिसेल, हे त्याला आज कळत होतं.

भानावर येऊन त्याने बायकोला फोन लावला. "अगं, लवकर ये! बँकेत! बाबा वर चाललेत!"

पलीकडून नुसती किंकाळी आली आणि फोन बंद झाला. आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. त्याने पुन्हा फोन लावला, पण आता कुणी उचलेना. घाईघाईने त्याने मेसेज टाकला: "बाबा ठीक. दुसरी किल्ली आण."

एव्हाना लोक जमले होते. "कोण आहेत हो आत?" "मोठं प्रस्थ दिसतंय. गाडी उठून उभी राहिली त्यांच्यासाठी!" बँकेच्या पहारेकऱ्याला काही सुचेना, तेव्हा त्याने कडक सलाम ठोकला.

चष्मेवाला धावत आत गेला. मॅनेजरबाई खिडकी बंद करायच्या बेतात होत्या. "पेन्शनर स्वतः समोर हवेत," त्या म्हणाल्या.

"समोरच आहेत. फक्त जरा उंचावर आहेत."

बाई कागद घेऊन बाहेर आल्या. मॅनेजरच पायऱ्या उतरून आल्यावर तर गर्दीची खात्रीच पटली. बाईंनी मान वर करून काळसर काचेतून पाहिलं. आत मऊ चामड्यात बसलेली ती करारी मूर्ती पाहून त्यांचा आवाज आपोआप खाली आला. "हयात आहेत," त्या म्हणाल्या आणि उभ्याउभ्याच सही केली.

सासरे सगळं पाहत होते. नोकरीत ते ज्या रस्त्याने जात त्या रस्त्यावर भराभर शटरं खाली येत. त्यांना पाहून माणसं थांबली आहेत, असं आजवर झालं नव्हतं. त्यांनी आधी काठी खाली ठेवली. मग सदऱ्याची कॉलर नीट केली. मग अगदी थोडासा, चाचरत, हात वर केला. पन्नासेक हात उलट वर झाले.

तेवढ्यात बायको स्कूटरवरून पोचली. एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात नवऱ्याची, डोळे रडून लाल. मेसेज तिने वाचलाच नव्हता. गर्दी पाहून ती स्कूटर तशीच टाकून धावली. पण मान वर केली तर तिचे वडील गर्दीच्या डोक्यांवरून जगाला हात करत होते. ते हसतही होते. वडिलांचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले आहेत हे तिला आज पहिल्यांदा दिसलं.

दुसरी किल्ली नशिबाने तिच्याच जुडग्यात होती. चष्मेवाल्याने टाचा उंचावून दार उघडलं. "या बाबा, उतरा."

"थांबा जरा," सासरे ओठ न हलवता म्हणाले. "लोक बघताहेत."

शेवटी त्याने पुढच्या दारातून आत वाकून इंजिन बंद केलं. लांब, तृप्त उसासा टाकत गाडी सगळी हवा सोडू लागली आणि इंच इंच करत सासऱ्यांना जमिनीवर घेऊन आली. कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवली. पहारेकऱ्याने हात दिला. सासरे त्याच्या आधाराने उठले, बाहेर आले आणि क्षणभर गाडीच्या टपावर तळवा ठेवून उभे राहिले.

 घराच्या दारात आल्यावर चष्मेवाल्यानेच विषय काढला. "बाबा, चूक माझीच. तुम्ही म्हणता ते खरं आहे. बघतो एखादं गिऱ्हाईक. आणि ते उंचीचं बटण तर उद्याच्या उद्या गॅरेजवाल्याकडून काढून घेतो."

सासऱ्यांनी दोन्ही हात काठीवर टेकले आणि घसा साफ केला. जावयाला शाबासकी द्यायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते गाडीकडे बघूनच बोलले.

"विकू बिकू नका. आणि ते बटण आहे तसंच राहू द्या. माझी दातांच्या डॉक्टरकडची वेळ परवाची आहे. त्यांचा दवाखाना भर बाजारात आहे."