दोन कुलपांची सोय

शहर मोठं की लहान, हे शिरगणतीवरून ठरत नाही. रात्री दहानंतर ठरतं. लहान गावात माणसाला रात्री अडलं तर तो कुठंही जाऊ शकतो. मोठ्या शहरात कुठंच जाऊ शकत नाही. आणि जिथं जागा आहे, पाटी आहे, पाटीवर दिवासुद्धा आहे, पण दाराला कुलूप आहे, ते शहर प्रगतिपथावर आहे असं समजावं. या कसोटीवर आमचं देवास १९८३ साली बरंच पुढं गेलेलं होतं.

यात माझाही थोडा हात आहे. मी तेव्हा कारखान्यात स्टोअरकीपर होतो आणि 'रात्र-सुविधा नागरिक मंडळा'चा चिटणीस. मंडळानं दारोदार विटा मागून बसस्टँडजवळ एक मुतारी बांधली (ठरावात 'प्रसाधनगृह'). ती इतकी सुरेख झाली की वापरली तर खराब होईल, या काळजीनं सभासदांना झोप येईना. म्हणून रात्री कुलूप लावायचं ठरलं. आता देवासात पूर्वी राजे दोन, दरबार दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती, मधून रस्ता. संस्थानं जाऊन पस्तीस वर्षं झाली होती. पण एका पातीनं किल्ली सांभाळावी आणि दुसरीनं नुसतं बघावं, एवढी लोकशाही अजून रुजली नव्हती. म्हणून कुलपं दोन. एक किल्ली थोरल्या पातीत तात्यासाहेबांकडे, दुसरी धाकट्या पातीत नर्मदाबाईंकडे. (चिटणीसाकडे वही.)

वहीत रकाने चार: नाव, गाव, प्रयोजन, परतीची वेळ. प्रयोजनाखाली पहिल्या सभ्य गृहस्थानं 'सामाजिक' असं लिहिलं. पुढच्या सर्वांनी 'वरीलप्रमाणे'. दोन वर्षांत अर्जदार एकशे बारा. त्यांपैकी दोन्ही किल्ल्या घेऊन दारापर्यंत पोचलेले एकोणीस. बाकीच्यांचं पुढं काय झालं, त्यासाठी रकाना नव्हता.

त्या फेब्रुवारीत आमच्या मुलीला, अलकाला बघायला धारहून माणसं यायची होती. याआधी तीन ठिकाणी पत्रिका जुळल्या होत्या, माणसं जुळली नव्हती. त्यामुळे हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून आमच्या घरी सगळे आठवडाभर हळू बोलत होते. संध्याकाळी सहाची बस दोन पंक्चर काढून पावणेअकराला आली. मुलाचे वडील हंबीरराव उतरले, आणि त्यांच्यामागून पितळी डबा सांभाळत त्यांच्या पत्नी राजाबाई.

हंबीरराव इकडंतिकडं बघत हळूच म्हणाले, "इथं जवळपास हातपाय धुवायची सोय?"

माझी छाती फुगली. आमचं क्वार्टर टांग्यानं वीस मिनिटांवर होतं, रस्ता खड्ड्यांचा होता, आणि सोय समोरच होती. मी सोय दाखवली. त्यांनी कुलपं बघितली. टांगेवाला तंबाखू मळत म्हणाला, "भिया, किल्ली किल्ली क्या कर रिये हो. दीवाल तो आखी रात खुली हे."

अशा लोकांमुळेच देश मागे राहतो. मी त्याला टांगा थोरल्या पातीत घ्यायला सांगितलं.

तात्यासाहेब जागेच होते. "किल्ली? मिळेल की. पण धारचे पाहुणे उभ्याउभ्या किल्ली घेऊन जाणार? माझं घर म्हणजे काय कुलपांचं दुकान आहे?"

चहा आला. इथं चतुर वाचक विचारील, की त्यांच्याच घरी का नाही विचारलं? तर किल्ली मागणं हे सार्वजनिक काम, मोरी विचारणं हे खाजगी. पहिल्याच भेटीत खाजगी बोलायची आमच्यात पद्धत नाही.

"धारचे म्हणजे कोणत्या शाखेचे?" तात्यासाहेबांनी विचारलं. हंबीररावांनी चार पिढ्या सांगितल्या. दुसऱ्या पिढीपर्यंत ते बसून होते, तिसरीला उठले, चौथीला त्यांनी पाय बदलला. किल्ली मिळाली.

धाकट्या पातीत नर्मदाबाईंनी दार उघडून पहिला प्रश्न केला, "थोरल्या पातीत काय दिलं?"

"चहा," मी म्हटलं.

"नुसता?" म्हणून त्या आत गेल्या आणि केशराचं दूध आटवायला ठेवलं. मोठे पेले. राजाबाईंनी इथंही मानेनंच नको म्हटलं. तिकडंही काही घेतलं नव्हतं. "धार सोडल्यापासून पाण्याचा थेंब नाही," हंबीरराव एका पायावरून कौतुकानं म्हणाले, "हिला प्रवासाची सवय आहे." जुन्या घराण्यांतला हा संयम बघून मला भरून आलं.

पावणेबाराला दोन्ही कुलपं निघाली. हंबीरराव बऱ्याच वेळानं बाहेर आले ते राज्याभिषेक झाल्यासारखे. वहीत 'वरीलप्रमाणे' लिहून ते म्हणाले, "चिटणीस, ज्या घरानं गावाची एवढी सोय केली, त्या घरची मुलगी आम्हांला पसंत आहे."

टांग्यातून राजाबाई पहिल्यांदाच बोलल्या, "ते मी ठरवीन."

वीस मिनिटं मी खड्डे मोजत बसलो. प्रत्येक खड्ड्याला त्या डोळे मिटत होत्या. नाराजी आहे, हे मी ओळखलं.

घरी पोह्यांची फोडणी तयार होती. हिनं अलकाला पदर, नमस्कार, ताट कसं धरायचं, सगळं पढवून ठेवलं होतं. अलकानं दारातच राजाबाईंच्या तोंडाकडे एकदा बघितलं. नमस्कार केला नाही. ताट घेतलं नाही. कोनाड्यातला कंदील उचलला, तांब्या भरला आणि म्हणाली, "बाईसाहेब, अशा मागच्या अंगणातून या. पायरी आहे, जपून."

हिनं कपाळाला हात लावला. चौथं स्थळही गेलं, असं मीही मनात लिहून टाकलं.

राजाबाई परत आल्या, खुर्चीवर टेकल्या, ओळीनं तीन पेले पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मुलगी पसंत आहे."

"पण अजून तिनं पोहे..." ही म्हणाली.

"पोहे सगळ्याच करतात."

मे महिन्यात लग्न झालं. मंडळाच्या अहवालात मी ही सोयरीक 'प्रसाधनगृहाची फलश्रुती' म्हणून नोंदवली. टाळ्या पडल्या.

वाचकहो, तुम्ही कुलपं मोजलीत, दुधाचे पेले मोजलेत, हंबीररावांनी कितव्या पिढीला पाय बदलला तेही तुमच्या लक्षात आहे. बसमधून माणसं दोन उतरली होती. आमच्या मुतारीला बायकांची बाजूच नव्हती. दोन वर्षांत हे मंडळात कुणाला सुचलं नाही, आणि नर्मदाबाईंना त्या खोलीची फक्त किल्ली माहीत होती. तुम्हांला मात्र तात्यासाहेबांच्या चहालाच सुचलं असणार. भिडेपोटी बोलला नाहीत, एवढंच. मंडळात सभासदाची एक जागा रिकामी आहे. आम्हांला अशीच माणसं लागतात.