खिडकी क्रमांक चारचा ठेका

फ्रान्समध्ये कोणी काय वाजवावं यावर सरकारचं कसलंही बंधन नाही. वाजवणाऱ्याने आपण काय वाजवतो एवढं फक्त आधी कळवायचं असतं. एका शब्दात, तीन प्रतींत. १९७३ सालच्या मे महिन्यात, उत्तरेकडच्या ब्रेव्हाल गावच्या ओदिलों प्रुव्होस्तला हा एक शब्द काही केल्या सापडेना.

ओदिलों ड्रम वाजवायचा, झिस्लेन बेस गिटार वाजवून गायची, आणि एव्हरार ऑर्गनवर बसायचा. तिघांच्या बँडचं नाव 'काळं बीट'. मराठी वाचकाला यात ठेक्याचा श्लेष दिसेल, पण त्या बिचाऱ्यांच्या मनात फक्त भाजी होती. त्या भागात बिटाशिवाय दुसरं काही उगवतच नाही. त्यांची एकच रचना होती, एकवीस मिनिटांची. तिचा ठेका सतरा मात्रांचा असल्यामुळे तिच्यावर पायाने ताल धरणारा माणूस हमखास तोंडघशी पडे. झिस्लेन गायची ती भाषा जगात कुठेच बोलली जात नव्हती. तिघंही या प्रकारावर बेहद्द खूश होते.

ही रचना ते साखर कारखान्याच्या जुन्या वजनकाट्याच्या शेडमध्ये बसवत. शेड नगरपालिकेची. नगरपालिकेने ठरवलं, की शेड यापुढे नोंदणीकृत सांस्कृतिक संस्थेलाच मिळेल. २९ जूनच्या दुपारी बारापर्यंत नोंदणी झाली नाही, तर ती कबुतरांच्या शर्यती लावणाऱ्या मंडळाला जाईल. आता बँडला गावात दुसरी जागा मिळालीही असती, पण एव्हरारने आपला ऑर्गन शेडच्या आतच, भंगारातून जोडून उभा केला होता, आणि तो शेडच्या दारापेक्षा दोन हात रुंद झाला होता. शेड गेली असती तर ऑर्गनही कबुतरांना गेला असता.

म्हणून ओदिलों जिल्हा संस्कृती कचेरीत खिडकी क्रमांक चारसमोर उभा राहिला. खिडकीमागे मादाम व्हेरमेर्श होत्या.

"शैली?" त्यांनी विचारलं.

"आमची स्वतःची."

मादामनी चष्मा नाकावर सरकवला आणि यादीवरून बोट फिरवलं. "'स्वतःची' यादीत नाही. अकॉर्डियन आहे, बिगुल आहे, चर्चचं आहे, लष्करी आहे, 'इंग्रजांसारखं' आहे—"

"'इंग्रजांसारखं' असं छापलंय?"

"मागच्या वर्षी घातलं. फार मागणी होती."

"मग 'इतर' लिहा ना."

"'इतर' भरलं. जिल्ह्याला दोनच जागा होत्या. एका जागेवर शिट्टी वाजवणारे एक आजोबा आहेत. दुसऱ्या जागेवर काय आहे ते कोणालाच माहीत नाही, पण त्यांचा अर्ज फार नीटनेटका होता." मादामना पोराची दया आली. "असं करा, आधी 'प्रभाव' भरा. प्रभावांवरून शैली काढता येते, नियम नऊ." ओदिलों आणखी काही विचारणार तोच बारा वाजले आणि खिडकी खाली आली. दोन तास ती कोणासाठीही वर जात नाही. ओदिलोंला हे जन्मापासून ठाऊक होतं, त्यामुळे त्याला राग आला नाही.

बटाट्याच्या तळलेल्या फोडींच्या गाडीपाशी तिघं यादी करायला बसले. ओदिलोंने लिहिलं: कारखान्यातलं बीट धुण्याचं यंत्र. एव्हरारने एका मयत हंगेरियन संगीतकाराचं नाव लिहिलं. झिस्लेनने लिहिलं: आजीचं झोपेतलं बोलणं.

"अगं, हे द्यायचं?" एव्हरारने विचारलं.

"मग भाषा काय आभाळातून पडली माझी? सगळी म्हातारीचीच उचललीय."

अर्जाच्या तळाशी छापलं होतं, 'वरील यादी संपूर्ण व सत्य आहे, असे मी माझ्या इभ्रतीस स्मरून लिहून देतो.' तिथली माणसं रोज अशा दहा कागदांवर न वाचता सही ठोकतात. ओदिलोंने ते वाचलं. एवढंच नाही, वाचून मनावर घेतलं. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

कारण नियम दहाप्रमाणे प्रत्येक प्रभावाने प्रभाव टाकल्याचा दाखला द्यायचा होता. कारखान्याच्या व्यवस्थापकाने यंत्राच्या वतीने लिहिलं, 'सदर यंत्राने सदर तरुणांवर जो काही परिणाम केला त्यास कारखाना जबाबदार नाही.' आजी म्हणाली, "मी झोपेत काय बरळते ते मला गं काय माहीत? मी झोपलेली असते!" मग शेजारणीला साक्षीदार केलं, तिला भिंतीतून सगळं ऐकू यायचं आणि तिची त्याबद्दल जुनी तक्रारही होती. बुडापेस्टहून मात्र उत्तर आलं, की मयत इसम हयातीत ब्रेव्हालला एकदाही आल्याची नोंद नाही, सबब प्रभाव शक्य नाही.

"मग तो प्रभाव रद्द," मादाम म्हणाल्या. "आणि त्याच्यामुळे जी मिनिटं झाली असतील ती रचनेतून काढायची. किती आहेत?"

"चार," एव्हरार कसाबसा म्हणाला. चार मिनिटं कापताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. रचना सतरा मिनिटांवर आली, आणि मधोमध एक भोक पडलं.

एवढ्यात कबुतर मंडळाचे अध्यक्ष मस्यू बोकेले पायात कड्या घातलेली दोन कबुतरं घेऊन कचेरीत हजर झाले. "ही बघा, सात पिढ्यांची कागदपत्रं. बाप कोण, आई कोण, आजा कुठून उडाला, सगळं शिक्क्यानिशी. आणि या पोरांच्या संगीताला बाप सांगता येत नाही!"

"काका, संगीत अंडी घालत नाही," झिस्लेन म्हणाली.

"त्याचंच तर दुःख आहे," मस्यू बोकेले म्हणाले. मुद्दा नोंदवून घेण्यात आला, आणि शैली ठरवायला पॅरिसहून तज्ज्ञ बोलवावेत असं ठरलं.

तिघं तज्ज्ञ आले. आधी तीन तास जेवले, वासाच्या चीजची खारी पोळी पुन्हा पुन्हा मागून घेतली, आणि मग शेडमध्ये येऊन सतरा मिनिटं डोळे मिटून बसले. एका तज्ज्ञाला त्यात साखर उद्योगाचा अंत ऐकू आला. दुसऱ्याला स्वतःचं बालपण ऐकू आलं. तिसरा घोरत होता; झिस्लेनने ती भाषा कान देऊन ऐकली. शेवटी एकमताने शैली ठरली: 'उत्तर-शर्करा-यांत्रिक-नवविलापवादी-अनियतताल-संमिश्र'. मधलं भोक हे रचनेतलं सर्वांत प्रौढ स्थळ आहे, असाही शेरा त्यांनी मारला.

मादाम व्हेरमेर्शनी शब्द मोजला आणि कपाळाला हात लावला. "अहो, अर्जात अक्षरांना तेराच चौकोन आहेत!"

"मग चौकोनांबाहेर लिहा," ओदिलों म्हणाला.

"चौकोनांबाहेर लिहिलं तर ते संगीतच नियमाबाहेरचं समजतात. चौकोन वाढवून मिळतात, पण मंत्रालयातून. शहात्तर साली याल का?"

जून अर्धा संपला होता. यादीतला तेरा चौकोनांत मावणारा एखादा शब्द तरी जुळेल या आशेने ओदिलों रोज येऊन खिडकीसमोरच्या बाकावर बसू लागला. हताश माणसाला ऐकू मात्र फार चांगलं येतं. तिसऱ्या दिवशी त्याच्या कानावर काहीतरी पडलं. मूळ प्रतीवर चार शिक्के, दुसरीवर दोन, मग शिक्का शाईच्या गादीवर जायचा, आणि तिसऱ्या प्रतीवर एक. ठप ठप ठप ठप, ठप ठप, फस्स, ठप. मध्येच शाई कमी पडली की फस्स दोनदा. एकतीस वर्षांच्या सरावाने तो ठेका असा घोटला गेला होता, की ऐकून ओदिलोंच्या अंगावर काटा आला. तो धावत शेडमध्ये गेला. आठवडाभरात ते भोक भरलं, चार मिनिटांची अशी जागा तयार झाली, की एव्हरार म्हणाला, "हंगेरियनची आठवणसुद्धा येत नाही रे आता!"

२९ जूनला, साडेअकरा वाजता, ओदिलोंने सुधारित अर्ज भरला. प्रभावांच्या रकान्यात एक ओळ वाढवली.

झिस्लेनने ती वाचली. "अरे गाढवा, हे लिहायचं कशाला? कोणाला कळणार आहे?"

"इभ्रतीला स्मरून सही करतोय मी."

"इभ्रत घेऊन बस मग कबुतरांच्यात!"

मादामनी अर्ज घेतला. "'खिडकी क्रमांक चार येथील शिक्का.' हे हो काय?"

ओदिलोंने दोन बोटांनी खिडकीच्या फळीवर वाजवून दाखवलं. चार, दोन, फस्स, एक.

मादाम थिजल्याच. "शाईपाशी मी अडखळते, तेही घेतलंत तुम्ही."

"त्यातच तर जीव आहे त्याचा, मादाम."

"एकतीस वर्षं बसतेय मी इथे," त्या हळूच म्हणाल्या. "लोक म्हणतात, लवकर आटपा. माझ्या शिवणयंत्राचा आवाजसुद्धा घरी कोणाला सहन होत नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला, डोळे पुसले, आणि एकदम त्यांचा चेहरा पडला. "पण मग तुमची वाट लागली की हो! ज्याचा प्रभाव, त्याने त्याच प्रकरणावर शिक्का मारायचा नाही. नियम एकवीस. आणि शिक्का तर माझ्याचकडे!"

संचालक मस्यू फ्लामांना बोलावलं तेव्हा बाराला बारा मिनिटं होती, आणि त्यांना भूक लागली होती. फ्रान्सच्या प्रशासनातले सगळे मोठे निर्णय याच बारा मिनिटांत होतात.

"शिक्का कोणाचा?" त्यांनी विचारलं.

"सरकारचा," मादाम म्हणाल्या.

"मारतं कोण? सरकारी नोकर, सरकारी वेळेत. म्हणजे ठेका कोणाचा? सरकारचा. मग ही पोरं वाजवतात ते काय झालं?" त्यांनी लेखणी उचलली आणि शैलीच्या रकान्यात लिहिलं: 'प्रशासकीय'. फ्रेंचमध्ये या शब्दाची बरोब्बर तेरा अक्षरं होतात. "आता हे सरकारी काम. सरकारचा सरकारवर प्रभाव पडत नाही, त्यामुळे नियम एकवीस गैरलागू. मारा शिक्के, मी निघालो जेवायला."

मादामनी शिक्के मारले. चार, दोन, फस्स, एक. शेवटचा ठप आणि बाराचा पहिला टोला एकदमच पडले. झिस्लेनने ओदिलोंच्या पाठीत असा धपाटा घातला की तो खोकत सुटला, आणि खिडकी खाली आली.

शेड मिळाली, ऑर्गन वाचला, गावभर बोंब झाली. संगीत सरकारी झाल्यामुळे काही किरकोळ अटी आल्या. बारा ते दोन वाजवायचं नाही. सूर अर्धवट असेल तर तो दोन वाजता तिथूनच उचलायचा. ऑगस्टमध्ये बंद. झिस्लेनच्या भाषेला शपथबद्ध अनुवादक हवा, म्हणून आजीची नेमणूक झाली. ती रंगमंचावर आरामखुर्चीत झोपून सेवा बजावू लागली. शिक्क्यासाठी स्वतः मादाम व्हेरमेर्श, निळा झगा घालून, मधोमध टेबलाशी बसू लागल्या. आणि प्रत्येक रचना तीन प्रतींत सादर करायची, म्हणजे तीच एकवीस मिनिटं तीनदा. पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी या पुनरावृत्तीचं तोंड भरून कौतुक केलं. लोक नंबराचे चिठोरे घेऊन रांगेत उभे राहू लागले. रांग हीच अर्धी मैफल आहे, असं जाणकारांचं मत पडलं. मस्यू बोकेलेंची कबुतरंही शेडच्या तुळयांवर येऊन बसायला लागली, आणि दुसऱ्या प्रतीतला फडफडाट आपलाच आहे असा त्यांनी रीतसर दावा लावला.

दोन वर्षांत चौकोन वाढले नाहीत, पण प्रशासकीय संगीत वाजवणारे बँड एकट्या त्या जिल्ह्यात चाळीस झाले. सगळ्यांनी प्रभावांच्या रकान्यात 'काळं बीट' लिहिलं, आणि सगळ्यांना दाखला हवा होता. शेवटी ओदिलोंला शेडच्या दाराशी टेबल टाकून बसावं लागलं. मादामनी त्याला जुना शिक्का भेट दिला. तो इमानदारीत दाखले देई, तीन प्रतींत, आणि बारा वाजता उठे. ड्रमला हात लावायला त्याला सवड होईना.

एके दिवशी लांबच्या गावाहून एक मुलगी आली. तिच्याजवळ तारा जोडलेला कपडे पिळायचा रहाट होता. तिने तो तिथेच वाजवून दाखवला. ओदिलोंने असलं काही जन्मात ऐकलं नव्हतं. त्याच्या अंगावर पुन्हा तसाच काटा आला. त्याने अर्ज पुढे ओढला.

"शैली?"

"माझी स्वतःची."

ओदिलोंचं बोट आपोआप यादीवरून खाली सरकलं. "'स्वतःची' यादीत—" तो म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज ऐकून थांबला. त्याला फार वाईट वाटलं. मग बारा वाजले.

आणि वाचकहो, तुम्ही हसताय ते ठीक. पण पहिल्या परिच्छेदालाच, 'हे कोणासारखं लिहिलंय बरं?' असं मनात आलं होतं की नाही? इभ्रतीला स्मरून सांगा. आलं असेल तर तुम्हीही शैली विचारणारेच; दाखल्यासाठी त्या मुलीच्या मागे उभे राहा. रांग दोनला सुरू होते.