वीरप्पाचा चेंडू हलतो

धाराशिवच्या आमच्या कार्यालयात नवे साहेब रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात असं निष्पन्न झालं, की सर्व कर्मचाऱ्यांना गोल्फची उपजत आवड आहे. बेंबळी रस्त्यालगतचं एक पडीक माळरान सपाट करण्यात आलं. खेळ दर शनिवारी. हजेरी ऐच्छिक, गैरहजेरीचा खुलासा मात्र लेखी.

कनिष्ठ लिपिक वीरप्पाचं घर उमरग्याला. बायको लक्ष्मम्मा तिथं नर्स. शनिवार-रविवार तेवढा तो घरी जायचा, आता त्यातला शनिवारही गेला. धाकटी ज्ञानेश्वरी बापाला बघून आईच्या मागं लपायला लागली, तेव्हा परतीच्या बसमध्ये हा गडी चक्क रडला. उमरग्याला एक जागा रिकामी होती. ती कोणाला द्यायची, हे साहेब ठरवणार होते.

चांगलं खेळलो तर साहेबांच्या नजरेत भरू, असं वीरप्पाला वाटलं. बिचारा! बाकी सगळ्यांनी साहेबांसारख्याच पातळ तोंडाच्या, मुरलेल्या खेळाडूंच्या काठ्या घेतल्या. नवशिक्याची काठी घेणं म्हणजे साहेबांना न शोभणारा हाताखालचा माणूस ठरणं. वीरप्पानं मात्र मोबाइलवर अभ्यास करून रुंद तोंडाची, तळाशी जड, नेम चुकला तरी सांभाळून घेणारी काठी मागवली.

शनिवारी साहेबांनी काठी फिरवली. माती उडाली, गवत उडालं, चेंडू जागेवर.

"वा साहेब!" अधीक्षक महालिंगप्पा म्हणाले. "चेंडूला कळूसुद्धा दिलं न्हाय!"

टाळ्या झाल्या. मग सर्वांनी ज्येष्ठतेनुसार माती उडवली. शेवटी वीरप्पा. त्याचा चेंडू बाभळीवरून थेट पलीकडच्या सोयाबीनमध्ये. टाळी एकही नाही.

"आरं, काय केलंस हे?" महालिंगप्पा त्याच्या कानाशी लागले.

"चेंडू मारला की."

"साहेबांच्या पुढं?"

सोमवारी परिपत्रक निघालं. 'चेंडू दूर पाठविणे हे जबाबदारी झटकण्याचे लक्षण असल्याने, ज्याचा चेंडू जागचा हलणार नाही तो यापुढे विजयी समजण्यात येईल. बदल्यांचा विचार करताना सदर कौशल्य विचारात घेतले जाईल.'

वीरप्पानं डोळे मिटून मारलं, डाव्या हातानं मारलं, पाठमोरं होऊन मारलं. काठी लई गुणाची! दर वेळी सांभाळून घ्यायची. शेवटी तो महालिंगप्पांकडे गेला.

"काठी बदलू द्या, साहेबांसारखी घेतो."

"कारण लिहून दे."

"हिनं चेंडू लागतो."

"म्हंजे साहेबांच्या काठीनं लागत न्हाय, असं म्हणायचंय व्हय तुला? लई शाना झालास!"

निवडीच्या शनिवारी आमच्यातला एक लिपिक, रामहरी, पहिला आला. त्याच्या चेंडूवर मुंग्यांनी वारूळ बांधायला घेतलं होतं. वीरप्पानं काठी नुसती खाली टेकवली, तर चेंडू हळूच उताराला लागला. "थांब रं, थांब!" करत हा बाप माणूस त्याच्या मागं धावला, आणि साहेबांसकट सगळं कार्यालय गंभीरपणे बघत राहिलं.

उमरगा रामहरीला मिळालं. त्याचं घरदार, शेत, सासुरवाडी सगळं धाराशिवात. तोही डोक्याला हात लावून बसला. वीरप्पाला 'लांब पल्ल्याची आवड लक्षात घेऊन' जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, परंड्याला पाठवलं.

"पर तुमी चेंडू मारलाच कशाला?" लक्ष्मम्मा फोनवर रडत म्हणाली. मागून पोरगी विचारत होती, कोण हाय गं?

वाईट वाटलं ना? आम्हालाही वाटलं. त्या दिवशी आम्ही टाळ्या जरा हळू वाजवल्या. तुमचे साहेब कुठला खेळ खेळतात, मला ठाऊक नाही. तुम्हाला आहे. आणि तुमचा चेंडूही जागेवरच असणार. नाहीतर ऐन कामाच्या वेळी, पंख्याखाली बसून हे वाचायला तुम्हाला सवड कुठून मिळाली असती?