उष्ट्या ताटांपाशी पेडणेकर

लग्नात लोक नवरानवरी बघतात, पेडणेकर उष्टी ताटं बघतात. ताटं टाकायच्या टपापाशी हात मागे बांधून उभे राहतात. "ताट खोटं बोलत नाही," हे त्यांचं पालुपद. विचुंब्याच्या आमच्या सोसायटीत त्यांना जेवायला बोलवायला लोक बिचकतात, आणि त्यात लोकांची काही चूक नाही.

तळोज्याच्या कारखान्यात ते कामगार अधिकारी होते आणि मी स्टॉपवॉचवाला. कोण किती सेकंदांत पिंप भरतो ते मी लिहायचो. पेडणेकर जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या मोरीपाशी जायचे. मला म्हणायचे, "तुमच्या व्यवस्थापनाच्या जुन्या पुस्तकात कामगाराला नुसते हात होते. नव्या पुस्तकात त्याला मन फुटलं. ताटापर्यंत अजून कोणी आलेलं नाही." आम्ही पाठीमागे हसायचो.

एकदा धर्मा नावाचा कामगार माझ्या घड्याळात रोज मागे पडायला लागला. 'कामचुकार' असा शेरा मारून मी त्याचं नाव कामावरून कमी करायच्या यादीत घातलं. पेडणेकर ती यादी घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"तीन दिवस धर्माचं ताट बघतोय. भात चमच्याने संपवलेला, चपातीला हात नाही. उजवा हात दुखतोय त्याचा."

धर्माला बोलावलं. हात त्याने पाठीमागे धरला होता. बऱ्याच वेळाने दाखवला. अंगठा सुजून काळानिळा झाला होता.

"सांगितला असता त घरी बसवला असता," तो म्हणाला. "आमी कुठं जानार, सायेब?"

यादीतलं नाव पेडणेकरांनी स्वतः खोडलं. धर्माला डॉक्टरकडे नेलं, हलकं काम दिलं. इतकी लाज मला नोकरीत पुन्हा कधी वाटली नाही.

गेल्या वर्षी पेडणेकरांच्या पत्नी गेल्या. परवा सोसायटीच्या पूजेच्या जेवणाला ते नेहमीसारखे टपापाशी उभे होते. पण स्वतःचं ताट त्यांनी इतरांच्या ताटांखाली हळूच सरकवलं, ते मी पाहिलं. ओढून काढलं. वरणभात, भाजी, शिरा, सगळं वाढलं तसंच होतं.

"पेडणेकर, तुम्ही जेवला नाहीत."

ते टपाकडेच बघत म्हणाले, "माझं ताट ती बघायची हो."

आता ते रोज आमच्याकडे जेवतात. त्यांचं ताट मीच उचलतो, आणि घासायला टाकण्याआधी नीट बघून घेतो.