हार्लो बेंडच्या रायफलीचा दिवा

नेब्रास्कातल्या हार्लो बेंड गावच्या पोलीस ठाण्यात तीन माणसं, दोन गाड्या आणि एक रायफल होती. रायफलीला दिवा नव्हता. एकोणीस वर्षं त्यावाचून कोणाचंही काही अडलं नव्हतं. मार्चमधल्या एका मंगळवारी तिन्हीसांजेला सार्जंट व्हर्लिन क्लाउसनचं अडलं.

ओडेसा क्रम या विधवा म्हातारीच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये पुमा, म्हणजे बिबट्याएवढी रानमांजर, शिरली होती. आत काळोख. रायफल धरायला दोन्ही हात लागतात, म्हणून व्हर्लिननं टॉर्च दातांत धरला आणि नियमाप्रमाणे मोठ्यानं इशारा दिला. टॉर्चमुळे तो "आं आं अं!" असा बाहेर पडला. पुमानं क्षणभर त्यावर विचार केला, दोन कोंबड्या उचलल्या आणि व्हर्लिनच्या मांडीला अंग घासून ती शांतपणे निघून गेली.

"अरे, तू काय बोललास ते मला कळलं नाही," ओडेसा म्हणाली, "तिला काय कळणार?"

दुसऱ्या दिवशी व्हर्लिननं एका ओळीचा अर्ज केला : रायफलीवर बसवायचा एक दिवा मिळावा. नगर परिषदेच्या कारकून ट्वायला ब्रँट यांनी तो तीनदा वाचला.

"दिवा म्हणजे वीज विभाग," त्या म्हणाल्या. "रायफलीला लावायचा, म्हणजे शस्त्रात बदल. पुमावर पाडायचा, म्हणजे वन्यजीव. तीन विभाग आले की समिती आली. मी नाही म्हणत, नियम म्हणतो."

"अहो, अंगठ्याएवढा दिवा आहे तो!"

"मग समितीही छोटीच करू. अकरा जणांची."

अशा रीतीनं प्रकाश निवड समिती अस्तित्वात आली. अध्यक्ष अर्थातच पोलीस चीफ ऑरिन टेट. त्यांना दोन हजार ल्युमेन उजेडाचा दिवा हवा होता, कारण शेजारच्या गावाकडे दीड हजारांचा होता. व्हर्लिननं समजावलं की शेडच्या भिंती पांढऱ्या आहेत, एवढा उजेड त्यांच्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येईल. समितीनं मुद्दा गांभीर्यानं घेतला आणि भिंती काळ्या रंगवण्याविषयी ओडेसाला पत्र धाडलं. तिनं उलट टपाली कळवलं, "माझ्या कोंबड्या काळ्या आहेत. मग त्या मला सापडायच्या कशा?" कोंबड्यांचा रंग हा विषय उपसमितीकडे गेला.

मग एका सदस्यानं शंका काढली. दिवा रायफलीवर असणार, म्हणजे ज्याच्यावर उजेड त्याच्यावरच नळी. आणि समोर कोण आहे हे कळल्याशिवाय नळी रोखायची नाही, असा तर नियम. उजेडाशिवाय कळणार कसं? तीन तास खल झाला. ठरलं ते असं : दिवा लावण्यापूर्वी सार्जंटनं समोरच्याला नाव विचारावं.

"आणि पुमा असली तर?" व्हर्लिननं विचारलं.

"तिनं नाव नाही सांगितलं तर तशी नोंद करायची," चीफ म्हणाले. "इतकं सोपं आहे, व्हर्लिन. तू उगाच गुंता करतोस."

एप्रिलमध्ये तीन दिवे चाचणीसाठी आले. चाचणीला अंधार हवा, पण कचेरी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच आणि त्या वेळात गावात अंधार उपलब्ध नव्हता. शेवटी वाचनालयाचं तळघर मिळालं. तिथे माणसं असताना दिवे बंद करण्यास मनाई असल्याची पाटी होती. चाचणी लख्ख उजेडात पार पडली. अहवालात लिहिलं गेलं की तिन्ही दिव्यांचा प्रकाश सारखाच, म्हणजे काहीच दिसून आला नाही. सबब निवड रंगावरून करावी. चीफना वाळूचा रंग आवडला. तोवर ओडेसाच्या चाळीस कोंबड्यांतल्या नऊ उरल्या होत्या.

मग जनसुनावणी. प्राणिमित्रांनी पुमाच्या डोळ्यांची काळजी वाहिली, योगवर्गाच्या बाईंनी उबदार पिवळा उजेड सुचवला, आणि सगळ्यांचं मन राखून साठ ल्युमेनचा, मंद पिवळा, वाळूच्या रंगाचा दिवा मंजूर झाला. जेवणाच्या टेबलावर तो फार शोभला असता.

जूनच्या पहिल्या शनिवारी भर दुपारी चौकात उद्घाटन झालं. बँड होता, चेरी पाय हा गोड पदार्थ फुकट होता, फीत होती. महापौरांनी बटण दाबलं. उन्हात काहीच दिसलं नाही, पण टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत ओडेसा व्हर्लिनपाशी आली.

"ती आत्ता शेडमध्ये आहे," ती धापा टाकत म्हणाली. "माझी शेवटची कोंबडी, मॅबेलसुद्धा गेली रे."

व्हर्लिननं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. म्हातारी रडत नव्हती, पण तिची हनुवटी हलत होती. त्याला अकरा सदस्यांची, सतरा बैठकांची आणि सगळ्यांत जास्त स्वतःची लाज वाटली.

"चीफ, मी चाललो."

"अरे, अजून आभार प्रदर्शन व्हायचंय!"

दिवा लावलेली रायफल उचलून तो निघाला. शेडमध्ये पुमा भरल्या पोटी पिसांच्या गादीवर झोपली होती. व्हर्लिननं नियमानुसार नाव विचारलं. तिनं एक डोळा उघडला, दिव्याच्या उबदार पिवळ्या उजेडात जांभई दिली आणि पुन्हा मिटला. व्हर्लिन पाऊल न वाजवता मागे सरकला, त्यानं दार लोटलं आणि बाहेरून कडी घातली.

कडीचा खट्ट आवाज झाला आणि संपलं. पुमा पकडली गेली होती. ओडेसा आणि तो एकमेकांकडे बघून खो खो हसत सुटले. हसता हसता तिनं त्याला इतक्या जोरात मिठी मारली, की त्याची टोपी उडाली.

सोमवारी त्याच्या टेबलावर ट्वायलाबाईंची नोटीस होती : सदर कडी कोणत्या ठरावान्वये वापरली, याचा खुलासा करावा. मंजुरी दिव्याला होती, कडीला नव्हती. दुपारी दोन कर्मचारी गेले आणि त्यांनी अनधिकृत कडी रीतसर काढून नेली. पुमाही रीतसर निघून गेली.

आता कडी निवड समिती नेमली आहे. कडी लोखंडी असावी की पितळी, यावर गाव दुभंगलंय. लोखंडी मजबूत, पण गंजते. पितळी गंजत नाही, पण मऊ.

तुम्हाला काय वाटतं? लोखंडीच बरी ना?

अभिनंदन. पहिली बैठक गुरुवारी आहे.