थांबा! हे गानं इकत घेतलं का?

देवळात भक्तांनी कसे वागावे, याविषयी शास्त्रांत पुष्कळ सांगितले आहे. परंतु देवळातला ध्वनिक्षेपकच भक्तांवर ओरडू लागला तर काय करावे, याविषयी मला तरी कोठे वचन आढळलेले नाही. कार्तिकातली पहाट होती. साकोलीच्या आमच्या देवळात काकडआरती नुकतीच आटोपली होती. मी डोळे मिटून बसलो होतो आणि पुजाऱ्याने आपल्या मोबाईलवरून लावलेले भजन सभामंडपात संथपणे वाहत होते :

जाळं टाकलं गंगे, जाळं रितं आलं वं,
रित्या जाळ्यात माये, तुझं पानी आलं वं.

वैनगंगेच्या काठच्या कोण्या बाईचा तो आवाज. रित्या जाळ्यालाही प्रसाद मानणाऱ्या त्या भक्तीपुढे माझे हात आपोआप जोडले गेले. आणि तेवढ्यात, त्याच गाण्याच्या मधोमध, एक खर्जातला पुरुषी आवाज गरजला :

"थांबा! हे गानं इकत घेतलं का? नसन घेतलं तं ध्यानात ठेवा, फुकटचं पचत नाही! नादब्रह्म कॅसेट सेंटर, बस स्टँडच्या समोर, साकोली!"

पाठोपाठ मोबाईलचा क्रमांक, एकेक आकडा सुटा करून, दोनदा. प्रदक्षिणा घालणाऱ्या एक बाई जागच्या जागी थबकल्या. तीर्थासाठी पुढे आलेला एक हात मागे गेला. पुजारी माझ्याकडे पाहू लागला आणि मी देवाकडे. मग जणू काही घडलेच नाही अशा थाटात भजनातली बाई पुन्हा गाऊ लागली.

तो आवाज डोमाजीचा होता. डोमाजी माझा जुना विद्यार्थी. संस्कृतात त्याची गती बेताची होती. परंतु वर्गात श्लोक सुरू असताना कोणी खोकले तरी त्याला राग येई. पुढे त्याने गाण्यांचे दुकान काढायचे ठरवले तेव्हा नाव मागायला माझ्याकडेच आला. मी 'नादब्रह्म' सुचवले. त्याने त्याला 'कॅसेट सेंटर' जोडले. कॅसेट गेल्या, सीडीच्या तबकड्या आल्या, आता तबकड्याही जात आहेत. पाटी मात्र तीच आहे. गावातली पोरे त्याला दुकानाच्या नावाने ओळखत नाहीत. ती म्हणतात, "थांबावाले काका."

आमच्या झाडीपट्टीतली दंडारीच्या खेळांची, भाताच्या रोवणीची, भजनांची गाणी गावोगाव फिरून ध्वनिमुद्रित करायची, त्यांच्या तबकड्या काढायच्या आणि विकायच्या, हा त्याचा व्यवसाय. आणि फुकट ऐकणाऱ्याला गाठायचे, हे त्याचे व्रत. मोबाईलवरून गाणी पसरू लागल्यापासून हे व्रत इतके कडक झाले की व्यवसायाला वेळ उरेना. प्रत्येक गाण्याच्या मधोमध त्याने आपली ती ओरड भरून ठेवली. कोणाच्याही घरातून आपले गाणे ऐकू आले की तो दारात उभा राही. स्वतः मात्र मध्ये बोलत नसे. गाण्याचा अपमान होतो. गाणे संपले की नमस्कार करी आणि विचारी, "खोका दाखवा." खोका म्हणजे तबकडीचे वेष्टन. ते नसले की, "मंग हे गानं तुमच्या घरी कोनत्या रस्त्यानं आलं?"

एकदा न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना शेजारच्या चहाच्या टपरीवर त्याचे गाणे लागले. हा गळ्यातल्या कापडासकट उठला आणि एका गालावर साबण घेऊन टपरीवाल्यासमोर उभा राहिला. एका लग्नात त्याने वरात थांबवली. नवरदेवाचे वडील चिडून म्हणाले, "डोमाभाऊ, मुहूर्त टळून राहिला ना जी!"

"मुहूर्त दुसरा भेटते," डोमाजी म्हणाला, "खोका दाखवा."

त्या पहाटे मी देवळातून थेट त्याच्या दुकानात गेलो. दुकानामागच्याच खोलीत तो राहतो. एक पाट, एक ताट, एक कंदील, आणि भिंतीभर तबकड्या. त्याने पाय धुवायला पाणी दिले, नमस्कार केला आणि मी काही बोलण्याआधीच विचारले, "गुरुजी, देवानं इकत घेतलं का?"

"अरे, देवाच्या दारी असा ओरडतोस?"

"मी नाही ओरडलो. मी तं तबकडीत बसलो होतो गपचीप. चोरून नेलं म्हनून तोंड उघडलं."

मी त्याला समजावले, की विद्या दिल्याने वाढते. ती एकच संपत्ती अशी, की वाटली तरी सरत नाही.

तो शांतपणे म्हणाला, "इद्या वाढते गुरुजी. इद्येची दुकान बसते. त्या भागरताबाईले काय सांगू? तिच्या हरेक तबकडीमांगं तिचा वाटा ठरला आहे. दरवर्षी लुगडं अन् वाटा घेऊन कारध्याले जातो मी. औंदा लुगडंच नेलं. म्हातारीनं लुगडं घेतलं. चहा केला."

म्हणजे गाणारी ती होती : भंडाऱ्यासमोर नदीपलीकडे कारधा आहे, तिथली भागरताबाई, मासेमारीच्या घरातली. गाणे तिने स्वतः रचलेले.

एवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडचा माणूस शिव्या देत आहे, हे मला बसल्या जागी ऐकू येत होते. डोमाजीने त्या सगळ्या ऐकून घेतल्या आणि प्रेमाने विचारले, "कोठून बोलून राहिले? सुरतेहून? गाव कोनतं आपलं? लाखांदूरकडचे का? अरे व्वा! जेवन झालं? कोनतं गानं आयकत होते?" बराच वेळ बोलणे झाले. शेवटी शिव्या देणाऱ्यानेच धान कापणीला आले का, तलावात पाणी किती आहे, ते विचारून घेतले. फोन ठेवून डोमाजी म्हणाला, "गानं आवडलं त्याले. मधात मी आलो म्हनून तरास झाला. पन इकत नाही घेतलं. फुकटचं पचत नाही, गुरुजी."

त्याच्या दुकानासमोरच रोशनचे मोबाईलचे दुकान. मेमरी कार्डात गाणी भरून देणारा हाच तो 'चोर'. दोघांचे भांडण रस्त्यावरून, वाहनांच्या वर आवाज चढवून चाले.

"काका, माझ्यामुळं तुमचं गानं सुरत, हैदराबाद गेलं! ज्यानं आयकलंच नाही तो तबकडी कायले घेईन? गानं पसरलं तं माल खपते!"

"अन् ज्याच्या खिशात गानं आहे तो तबकडी कायले घेईन? तुह्या डोक्यात मेमरी कार्ड टाक लेका!"

"मंडईत पाहून घ्या! नाही खपला माल तं मी फुकट भरनं बंद करतो."

"पाहूच. मंडईतच पाहू."

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, दुकाने मांडली जातात, रात्री दंडार, नाटक. साकोलीजवळच्या एका गावच्या मंडईत डोमाजीने आपले दुकान मांडले. त्याने भागरताबाईलाही गायला बोलावले होते. "गानारी डोळ्यासमोर असली तं लोकं घेतीन," असे तो मला म्हणाला. त्याने नवे धोतर नेसले होते. मीही मुद्दाम गेलो. शिष्याची परीक्षा होती.

दुपारपर्यंत दुकानासमोर ही गर्दी! रोशन खरे बोलला होता, गाणे घराघरांत पोचले होते. पोरे येत, डोमाजीच्या तोंडासमोर मोबाईल धरत आणि म्हणत, "काका, एक डाव थांबा म्हना ना!" डोमाजीने कोणालाच नाही म्हटले नाही. त्याचा घसा बसला. तबकडीला मात्र कोणी हात लावीना. "वाजवाचं कशात, काका? मशीन कोनाच्या घरी आहे आता?" शेवटी एक शेतकरी आला आणि त्याने एकदम बऱ्याच तबकड्या मागितल्या. डोमाजीचे डोळे चमकले. कागदात बांधता बांधता त्याने सहज विचारले, "पाहुन्यारावळ्याले द्याच्या आहेत का?"

"नाही जी, धानाच्या बांधीत टांगाच्या आहेत. उन्हात चमकल्या का पाखरं जवळ येत नाहीत."

डोमाजीने बांधलेले सोडले. "भागरताबाईनं गंगामायले हाक मारली आहे ह्याच्यात. पाखरं हाकलाले नाही देत मी."

"मी तं इकत घेऊन राहिलो ना!" शेतकरी म्हणाला, आणि त्याचे म्हणणे चूक नव्हते. दिवसभरात प्रथमच डोमाजीला खोके घेणारा भेटला होता, आणि त्याने त्याला परत पाठवले.

संध्याकाळी भागरताबाई मंचावर आली. लहानखुरी, वाकलेली, नव्या लुगड्यात. तिने टाळ घेतले आणि 'जाळं टाकलं गंगे' सुरू केले. पुढे बसलेली पोरे आनंदाने ओरडली आणि सोबत गाऊ लागली. एक पोरगा मोठ्याने म्हणाला, "आजी, हे तं मोबाईलचं गानं होय! सगळ्याइले येते. तुम्ही आपलं सोताचं म्हना ना एखादं!"

त्यात खोडी नव्हती. त्याला खरोखरच तसे वाटले होते. भागरताबाई थांबली. तिने त्याच्याकडे पाहिले, मग टाळांकडे पाहिले. "हाव ना बाप्पा," ती म्हणाली, "सगळ्याइलेच येते." टाळ खाली ठेवून ती मंचावरून उतरली. पोरांनी ते गाणे तिच्यावाचून पूर्ण केले, मध्ये 'थांबा!'सुद्धा म्हटले आणि हसली.

डोमाजी आपल्या दुकानात उभा होता. त्याचा चेहरा मी पाहिला. तो रोशनकडे गेला नाही, पोरांवर ओरडला नाही. त्याने एक तबकडी उचलली, वेष्टनावरच्या बारीक अक्षरांकडे बोट केले आणि बसक्या आवाजात मला म्हणाला, "गुरुजी, तिचं नाव इथं आहे. खोक्यावर. गान्यात नाही. गान्यात मी माह्या दुकानीचं नाव ओरडलो, माहा फोन ओरडलो. गानं सुरतेले गेलं, मी संग गेलो. ती इथंच राहिली."

मी त्याला म्हणालो, "डोमाजी, तुला वर्गात सांगितलेले आठवते का? मंत्र म्हणण्याआधी आपण काय म्हणतो? त्याचा ऋषी कोण, छंद कोणता, देवता कोणती. ते मंत्र मुखामुखाने पसरले, कोणी वेष्टन मागितले नाही. पण ऋषीचे नाव घेतल्यावाचून मंत्राला तोंड फोडायचे नाही, असा दंडक घालून दिला. नाव मंत्राच्या पुढे चालले, म्हणून टिकले."

त्याने तबकडी खाली ठेवली. मग म्हणाला, "मंग माहं तोंड चुकीच्या जागी उघडलं, गुरुजी."

दुसऱ्या दिवसापासून त्याचे जुने व्रत सुटले आणि त्याहून कडक असे नवे लागले. त्याने सगळी गाणी पुन्हा काढून बसवली. मधली ओरड पुसून टाकली आणि प्रत्येक गाण्याच्या आरंभी आपल्या आवाजात चार शब्द घातले. मग तो रस्ता ओलांडून रोशनच्या दुकानात गेला. इतक्या वर्षांत प्रथमच.

"भर," तो म्हणाला. "सगळ्याइच्या मोबाईलमध्ये भर. फुकट भर. पन जुनं मिटव."

रोशन गोंधळला. "काका, तब्येत बरी आहे ना?"

"मिटव म्हनतो ना! एकही जुनं दिसलं नाही पायजे मले."

त्यानंतर साकोलीच्या बस स्टँडवर उतरणाऱ्या प्रवाशांना डोमाजी आडवा येऊ लागला. "मोबाईल काढा. जुनं 'थांबा'वालं आहे का? मिटवा. हे घ्या नवं." लोकांना आधी तो लुबाडतो आहे असे वाटे, मग वेडा आहे असे वाटे. न्हाव्याकडेही तो पुन्हा अर्ध्या दाढीने उठला. या वेळी गाणे फुकट द्यायला. एका वरातीत त्याने परत वाजंत्री थांबवली. नवरदेवाचे वडील, हे दुसरे, खिशातून पैसे काढू लागले तर म्हणाला, "ते नोको. मोबाईल दाखवा."

कारध्याला तो लुगडे घेऊन गेला, तेव्हा भागरताबाईला त्याने नवे गाणे ऐकवले. तिने ते संपेपर्यंत ऐकले आणि एवढेच म्हणाली, "नाव अखीन एक डाव लाव."

पुढच्या कार्तिकात आमच्या देवळात पुजाऱ्याने पहाटे मोबाईल लावला. मी डोळे मिटले होते. आवाज आल्यावर उघडले नाहीत. डोमाजीचा आवाज आताही खर्जातच होता, पण ओरडत नव्हता : "हे गानं भागरताबाईनं बनवलं. गाव कारधा. गंगामायसाठी बनवलं." आणि मग गाणे. सभामंडपात खेळणारी एक चिमुरडी ते चार शब्दही गाण्याची पहिली ओळ समजून चालीवर म्हणत होती. मी तिला दुरुस्त केले नाही.

आरतीनंतर मी दुकानात गेलो. तबकड्या भिंतीवर होत्या तशाच होत्या. मी त्याचे मनापासून अभिनंदन केले. तो हसला, पाणी दिले, नमस्कार केला. मग आम्ही बसून राहिलो. काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते. काय ते लवकर ध्यानात येईना. फोन समोर, पाटावर, उजळ कापडावर ठेवला होता. तो वाजत नव्हता.

"गान्यातून नंबर काढला ना," डोमाजी म्हणाला. "आता कोनी शिव्या देत नाही." थोड्या वेळाने त्याने कापडाची घडी सरळ केली. "ते सुरतवालं पोट्टं. त्याची बहीन बाळंत व्हनार होती होळीले. काय झालं, काही समजलं नाही."

नंबर पुन्हा घाल, असे मी म्हणालो. त्याने मान हलवली. "नाही गुरुजी. तिच्या नावाच्या मांगं माहं नाव नाही लावाचं आता. ठरलं ते ठरलं."

तो हटणार नाही, हे मला ठाऊक होते. मी घरी आलो. शिष्याने धरलेले व्रत गुरूने मोडू नये. पण त्यातली झीज गुरूने भरून काढावी, त्याला शास्त्राची हरकत नसावी.

तेव्हापासून माझ्या नित्यकर्मात एका गोष्टीची भर पडली आहे. पहाटेची संध्या, काकडआरती, आणि घरी परतताना देवळाच्या पायरीवर बसून एक फोन. त्याचा क्रमांक मला पाठ आहे; त्यानेच दोनदा, एकेक आकडा सुटा करून शिकवला आहे. पलीकडून "हॅलो" येते. मी घसा साफ करतो, शक्य तितका खर्ज लावतो आणि विचारतो,

"थांबा! हे गाणं विकत घेतलं का?"

मग डोमाजी विचारतो, "कोठून बोलून राहिले जी? जेवन झालं?"